डांबराच्या ड्रमातली भाजी

धानाच्या मुलखातली मी. वैनगंगेपासून कोसभर आत माहं माहेर, आन तिथी मातीची काही वाण नाई बाई, बांधीत, धानाच्या खाचरात, पाय टाकला का पोटरीवरी आत जाते अशी माती. तुम्ही मघा विचारलं ना, का भागरताबाई, चाळीपुढं एवढं आंगण पडलं आहे, कुंपण आहे, तरी तुम्ही भाजी ह्या काळ्या ड्रमात काऊन लावता म्हणून. माह्या लेकीच्या, वंदीच्या शाळेच्या बाई आहा तुम्ही, तुमाले खोटं नाई सांगत, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाई, ह्या सडकेनं जो जाते तो थांबून विचारते आन मी हासून देते. पण आज बसाच. बाजेवर बसा, खाली नका बसू, आत्ताच पाणी टाकलं, ओलं आहे.

तर माहेर. बापाच्या दोन बांध्या, त्यात घर चाले. घरामागं परसात माही माय भांडे घासलेलं पाणी फेके, चुलीची राख फेके, आन त्या राखेत चवळाई, अंबाडी, वांगे असे येत का शेजारचे मागून नेत. लावते कोण, आपोआप येत. बापानं बुद्धाची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडून आला, तवा मी मायच्या पोटात होती म्हणते, म्हणून मले भगत, उतारा, कोंबडं हे काही माहीत नाई. मंग लग्न झालं. पाहायले आले तवा सांगितलं, पोरगा सडकेवर कामाले आहे. मले वाटलं सडकेच्या कडेले घर असन. घर कायचं बाई, सडक जिथी सरे तिथी आमचं घर, आन सडक तर रोज पुढं जाये.

वंदीचा बाप तवा ठेकेदाराकडं डांबराच्या भट्टीवर होता. दिवाळी झाली का निघायचं, पावसाचा पाणी लागला का गावाले वापस. मधले सारे महिने ताडपत्रीत. एका ठिकाणी चूल मांडली, भुईले शेण लावलं, जरा कुठी जीव रमला का मुकादम ये आन म्हणे, चला, उद्या कॅम्प उठला. मी काय म्हणते, माणसानं एकदा मांडलेली चूल किती वेळ मोडावी. माहा जीव तवापासून असा झाला, बसल्या जागी बसत नाई. आताही पाहा, तुमच्याशी बोलून राह्यली पण कान सडकेकडं आहे, ट्रक थांबला का काय म्हणून. थांबा, ते कोहळ्याचं वेल खाली लोंबून राह्यलं, एवढं वर टाकून येते.

हां. तर खाणं काय, भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, मिरची. पाण्याच्या दिवसात गावी असलो का तरोट्याची रानभाजी आहे, पातूर आहे, कोचईचे म्हणजे अळूचे पानं आहे, आंगणात उभं राहून खुडा. पण सडकेचं काम तर उन्हाचं, आन उन्हात जंगलात हिरवं काय भेटते. बाजार लांब, बाजाराच्या दिवशी आदमी गेला तर कांदे, आलू, सुकट आणे, भाजी आणे तर ती येतायेता वाळून जाये. आमाले काही वाटे नाई. पोट भरे ना, मंग.

वंदी चार-पाच वर्साची होती. गडचांदूरच्या अंगाले काम चालू होतं, तिथी सिमेंटचा कारखाना, चुनखडीच्या खदानी, झाडाच्या पानावर पांढरी धूळ. दिवसभर पोरगी गिट्टीच्या ढिगावर खेळे, हुंदडे, आन दिवस बुडला का चुलीपाशी येऊन बसे ते उठेच नाई. मी म्हणे किती गुणाची पोरगी आहे. एकदा संध्याकाळी बापानं हाक मारली, तर पोरगी उठली आन सरळ पाण्याच्या पिपावर जाऊन आपटली. तोंड फुटलं. मी म्हटलं पाहून चाल ना वो. रडे, पण काऊन आपटली ते सांगे नाई. मंग शेजारची ताडपत्रीवाली म्हणे, भागरते, हिले संध्याकाळचं दिसते का विचार. मी रोज विचारू लागली. दिवस बुडला का दोन बोटं धरे तिच्या पुढं आन विचारे, वंदे, किती. ती म्हणे दोन. रोज म्हणे दोन. मले बरं वाटे, झालं, दिसते हिले.

आन एका संध्याकाळी काय झालं, दोन्ही हातात घमेलं होतं माह्या, मी येतायेता आपली सवयीनं विचारून बसली, वंदे किती. बोटं तर मी धरलेच नाई. पोरगी म्हणे, दोन.

घमेलं हातातून सुटलं बाई. पोरगी रोज अंदाजानं सांगत होती. मी रोज दोनच धरते हे तिले समजलं होतं, आन माय खूश होते हेही समजलं होतं. मी तिले तिथीच मातीत घेऊन बसली. तिचे डोळे उघडे, चांगले, काळेभोर, आन माह्याकडं पाहत नव्हते, आवाजाकडं पाहत होते.

मंग सारे सांगू लागले. कोणी म्हणे बाहेरचं आहे, भगताकडं न्या. वंदीचा बाप तयार झाला होता, कोंबडं आणतो म्हणे. मी म्हटलं, माह्या बापानं देव नदीत सोडले, मी कोणत्या तोंडानं जाऊ. त्याच्यावरून आमचं भांडण झालं. कोणी म्हणे बकऱ्याचं काळीज खाऊ घाल, ते खरं होतं, आणलं तवा पोरीले चार रोज दिसलं, पण आमाले काळीज रोज कोण देते. मंग दवाखान्याची नर्सबाई आली लसी टोचायले, तिले दाखवली. तिनं पापणी वर करून पाहिली, रातांधळं आहे म्हणे, चमच्यानं तेलासारखं औषध पाजलं, आन म्हणे, औषध सहा महिन्यानं पुन्हा द्या, पण रोज हिरवी भाजी पाहिजे, नाई तर डोळ्यात फूल पडन आन मंग दिवसाचंही जाईन. मी म्हटलं बाई, सहा महिन्यानं आम्ही कुठी असू आमालेच माहीत नाई, आन हिरवी भाजी कुठी पाहू. ती म्हणे लावा. असं म्हणे आन गेली. लावा. जिथी चार महिने राहत नाई तिथी काय लावू. बी टाकलं, उगवलं, खुडायले आलं का कॅम्प उठला, खाते मंग दुसऱ्याची बकरी.

तवा मले ड्रम दिसले. म्हणजे दिसत तर रोजच होते, डांबराचे रिकामे ड्रम सडकेच्या कडेनं पडले राहत, त्याच्यावर आम्ही कपडे वाळू घालत होतो. मी म्हटलं, जमीन नाई ना आपल्यासंगं चालत, ड्रम तर ट्रकावर चढते. वंदीच्या बापाले म्हटलं. तो म्हणे, डोकं फिरलं तुहं. पण रोलरवाले रहीमचाचा होते, म्हातारे, दाढी पांढरी, वंदीले रोलरवर बसवत, त्यायनं ऐकलं. छिन्नी-हातोडा घेतला, ड्रम मधून आडवा कापला, एकाचे दोन केले, काठ ठोकून बोथट केले का पोरीले लागू नये. म्हणे, बेटी, अंदर से दो बार जलाना, एक बार से डांबर नहीं जाता. मी घाईची. एकदा धानाचं तणीस टाकून जाळलं, खरवडलं, काळं ते काळंच राहणार म्हटलं, आन माती भरली.

कोणती माती, तर सडकेच्या बाजूची, ठेकेदारानं खोदून ठेवलेली. वरून पाणी टाकलं तर पाणी वरच उभं, खाली जाईच ना, आन ऊन लागलं तशी अशी फाटली का भेगेत वंदीचं बोट जाये. बी आतच मेलं. मंग मी म्हटलं जंगलातली काळी माती आणू, पानं कुजलेली. गेली मोहाच्या झाडाखाली. आता तिथीही माहीच चूक, मोहफुलं वेचायले लोक झाडाखालचा पाला जाळतात, खाली स्वच्छ करतात, तर तिथी माती कायची, राखच राख. मी म्हटलं वा, राख तर चांगलीच. माही माय राखच टाके ना परसात. घमेलंच्या घमेलं राख आणून मिसळली, वरून आपल्या चुलीचीही टाकली. चवळाई उगवली बाई, सारं उगवलं, मी दोन रोज जेवण केलं नाई असा आनंद. आन मंग पानं पिवळे पडू लागले. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पिवळं, बोटभर होऊन जाग्यावर थांबलं. मी अजून राख टाकली. मले वाटे कमी पडली.

काय सांगू तुमाले. माहेरची माती आंबट, तिले राख मानवे. गडचांदूरच्या मातीत पहिलेच चुना, वरून मी राख टाकून राह्यली. हे मले तवा कोण सांगणार. त्याच्यात उन्हाळा चढला, आन ड्रमाच्या सांध्यातून राहिलेलं डांबर पाझरलं, उपटून पाहिलं तर मुळं काळे, चिकट. मी ते सारं सडकेवर उलटं केलं. रहीमचाचानं रिकामे ड्रम उचलून कडेले ठेवले. पोरगी बाजूले उभी होती, म्हणे माय, भाजी झाली का. मी म्हटलं होईन वो. संध्याकाळ होत होती, म्हणून मी तिचा हात धरून तिले आत नेली.

त्या साली पाण्याच्या दिवसात गावी गेलो तसं तिले तरोटा चारला, पातूर चारला, डोळे जरा सुधरले. नर्सच्या औषधानंही सुधरले असतील. पण मले माहीत होतं, दिवाळी येईन, आन पुन्हा सडक, पुन्हा लाखोळीचं वरण. माही रोजची कसोटी म्हणजे संध्याकाळ. दिवस बुडायले आला का मी तिच्यापुढं बसे. आता मी बोटं बदलून धरे, कधी एक, कधी चार, आन ती म्हणे त्यावर माहा जीव वर-खाली.

दिवाळीनंतर काम लागलं इकडं, मुलचेऱ्याच्या अंगाले. इथी बंगाली लोकांचे गावं, सरकारनं बसवलेले, तुमाले माहीतच आहे. मी पाह्यलं तर त्यायच्या घरावर कोहळे, कुंपणावर वाल, दारात भाजी, असं हिरवं का मी सडक सोडून तिकडंच वळली. एक मावशी होती, पांढरं लुगडं, तिच्या दारात मी पाणी मागायले गेली आन मागता मागता रडली. तिले माही भाषा समजेना, मले तिची, मंग दोघी हिंदीत तोडकंमोडकं बोललो. ती माह्यासंगं कॅम्पवर आली. मी पुन्हा माती भरून ठेवलेला ड्रम पाह्यला, हात घालून माती काढली, दगडावर आपटली, ती फुटली नाई. म्हणे, ये माटी नहीं, ये तो ईंटा है. मंग राखेचं सांगितलं तर कपाळाले हात लावून हासली. मले राग आला. पण हासून झाल्यावर तिनं लुगड्याचा पदर खोचला आन कामाले लागली, तर राग गेला.

आता माती कशी करायची ते ऐका, तुम्हीही घरी करा. पहिले ड्रम दोनदा जाळायचा, मावशीनंही तेच म्हटलं जे चाचानं म्हटलं होतं. बुडाले सळईनं भोकं पाडायचे, भोकावर फुटक्या मडक्याच्या खापऱ्या पालथ्या, त्याच्यावर गिट्टीचा थर, गिट्टीची आमाले काय कमी. मंग माती. बांधीची चिकण माती एक घमेलं, पण वाळवून, मोगरीनं फोडून, चाळून. बांबूच्या बेटाखालचा कुजलेला पाला एक घमेलं, बांबूच्याच, मोहाखाली जाऊ नका, सागाचं पान लवकर कुजत नाई. शेण एक घमेलं, पण जुनं, ज्याले वास येत नाई असं, ताजं टाकलं का आतून तापते आन रोप जाळते. नाल्याची रेती अर्धं घमेलं, धानाचा कोंडा अर्धं. राख चिमूटभर, ती मी अजून टाकू लागली तर मावशीनं माहा हात धरला. सारं पालथंसुलथं करायचं, पाणी शिंपडायचं, ओल्या बोऱ्यानं झाकून ठेवायचं, मधामधात पावड्यानं उलटवायचं, वाफ निघाली पाहिजे. वाफ निघणं थांबली, हाताले गार लागली का झाली.

आन पाहायचं कसं, तर मूठ भरायची. अशी दाबायची. मूठ उघडली का गोळा राह्यला पाहिजे, आन बोट लावलं का फुटला पाहिजे. गोळाच झाला नाई तर रेती जास्त, बोटानं फुटला नाई तर चिकण जास्त. वंदीले हे लय आवडे. ती दिवसभर मुठी भरून भरून पाहे आन मले ओरडून सांगे, माय, फुटला, माय, नाई फुटला. पाहा, हा घ्या, दाबून पाहा तुम्ही. फुटला ना.

चवळाई लावली, पालक लावला, एका ड्रमात कोहळं. महिन्याच्या आत चवळाई खुडली. पहिली भाजी मी जवसाच्या तेलात केली, नुसती मीठ-मिरची, आन पोरीच्या पुढं बसली. तिले काही आवडली नाई. तोंड वाकडं केलं. मी म्हटलं खा, नाई तर मार खाशील, आन मलेच रडू आलं. रोज खाल्ली मंग. रोज. दिवस मोजत नव्हती मी, मोजायची भीती वाटे. एका संध्याकाळी चुलीपाशी बसली होती ते उठली, आन कोणी हाक न मारता चालत ड्रमापाशी गेली, पिपाले वळसा घालून गेली बाई, आन म्हणे, माय, कोहळ्याले फूल आलं. मी जागची हलली नाई. वंदीच्या बापानं भट्टीवरून पाह्यलं, त्याच्या हातातला झारा तसाच. त्या दिवसापासून त्यानं भगताचं नाव काढलं नाई.

आन बरोबर तवाच मुकादम आला, चला, कॅम्प उठला. आलापल्लीच्या पुढं जायचं, जंगलात. मी ड्रम ट्रकापाशी ओढत आणले तर म्हणे, हे काय आहे. मी म्हटलं, भाजी. म्हणे, बाई, घरदार नेता का जंगल नेता, माह्या गाडीत जागा नाई, इथीच टाका, तिकडं ड्रमाची काय कमी आहे. ड्रमाची नाई हो कमी, मातीची आहे, पाल्याची आहे, आन मधल्या दिवसांची आहे. नवी माती निवायले पंधरवडा, भाजी यायले महिना, तोवर पोरीनं काय खावं. मी म्हटलं, मंग मीही इथीच राहते, घेऊन जा तुमचे माणसं. वंदीचा बाप मध्ये उभा, एकदा माह्याकडं पाहे, एकदा त्याच्याकडं. मुकादम म्हणे, दौलत, बायकोले समजव. तो म्हणे, साहेब, ती नाई समजत. एवढं म्हटलं त्यानं, पण मले तेवढंच पाहिजे होतं.

रहीमचाचा रोलर पुसत होते. म्हणे, मेरे पीछे रख दो. रोलर बाई माणसाच्या चालीनं चालते, त्याले ट्रक नव्हता, तो आपल्याच पायानं कॅम्पावरून कॅम्पाले जाये. सीटच्या मागं दोन अर्धे ड्रम बांधले, उरलेली माती बोऱ्यात भरून पायापाशी, कोहळ्याचं वेल छताच्या दांडीले गुंडाळलं. सारे ट्रकात गेले, आम्ही दोघी मायलेकी रोलरवाल्यासंगं. वंदी वर, मी मागं पायी, हातात पाण्याचा डबा. जंगलातून दिवसभर तो धडधड धडधड आवाज. एका गावात बाजार भरला होता, सारा बाजार उठून पाहायले आला, एक म्हातारा म्हणे, सरकारनं भाजी पेरायची मशीन काढली का काय. चाचा म्हणे, हां, पीछे पीछे उगती है. मुक्कामाले थांबलो का मी तिथीच चवळाई खुडे, शिजवे, पोरीले चारे. माह्या साऱ्या जिंदगीत मले घर असल्यासारखं वाटलं ते त्या रोलरच्या मागं.

पोरं खेळून राह्यले तिकडं, तो लहाना माहा सिद्धू. त्याचंच सांगते आता. आलापल्लीच्या पुढं गेलो आन मले दिवस गेले. भाजी तर दोनच ड्रमाची, ती मी वंदीले वाढे, बापाले चव म्हणून, माह्या ताटात मिरची. मले काय झालं आहे, म्हणे मी. सातवा लागला आन संध्याकाळचं सारं पुसल्यासारखं होऊ लागलं. चुलीचा जाळ दिसे, त्याच्या बाजूचं काही नाई. मले समजलं, मले नाई समजन तर कोणाले. पण सांगितलं नाई. काऊन का, सांगितलं तर भाजी माह्या ताटात येईन आन पोरीची कमी होईन. मी दिवस बुडायच्या आत सारं उरकून घे, पाणी भर, लाकडं आण, आन दिवस बुडला का चुलीपाशी बसून राहे. वंदी जशी बसे तशीच. हे मले तवा ध्यानातही आलं नाई.

पोरीच्या ध्यानात आलं. एका संध्याकाळी ड्रमाले पाणी टाकायचं राह्यलं होतं, मी उठली, अंदाजानं गेली, डबा वाकवला. पाणी माह्याच पायावर पडलं, ड्रम बाजूले. वंदी पाहून राह्यली होती. आली, माह्यापुढं उभी राह्यली, दिसत तर नव्हती, वास येत होता तिच्या केसाचा. म्हणे, माय, किती.

मी म्हटलं, दोन.

ती अजून जवळ आली. माहा हात धरला आन आपल्या हाताले लावला. पाची बोटं उभे होते बाई. एवढीशी पोरगी, म्हणे, माय, मीही दोनच म्हणत होती. मंग गेली, बापाले बोलावून आणलं, जेवायले बसलो तर आपली भाजी उचलून माह्या ताटात टाकली. मी वापस टाकली. तिनं ताट सरकवलं. म्हणे, पहिला घास तू खा, मंग मी, तू नाई तर मी नाई. मी रागावली, हात उगारला, पण मारू कुठी, मले दिसे कुठी. शेवटी खाल्ला मी घास. तवापासून असंच, एक तिचा एक माहा. बापानं दुसऱ्या दिवशी चाचाले सांगून अजून दोन ड्रम कापले, दोनदा जाळले, आन स्वतः मूठ दाबून दाबून माती केली. सिद्धू झाला तवर मले चुलीच्या पलीकडचं दिसू लागलं होतं. त्याचे डोळे चांगले निघाले.

मंग चाचा गेले आपल्या गावी, थकले होते. वंदीचा बाप सडकेच्या सरकारी गँगवर पक्का लागला, ही चाळ मिळाली, मावशीचं गाव जवळ म्हणून मले बरं वाटलं. तर तुमचं विचारणं, का जागा असून ड्रमात काऊन. मावशीही हेच म्हणते, अब तो जमीन में डाल दे. दोनदा मी पावडा घेऊन आंगणात उभी राह्यली, वाफे आखले. हात होत नाई. काऊन का, आता म्हणून राह्यले का इकडचे दोघे-चौघे जिवतीच्या घाटात पाठवणार, तिकडं सडक नवी करायची आहे. खरं का खोटं कोण जाणे. वंदीचा बाप म्हणते काही नाई होत, पक्का आहे मी. पण पक्कं काय असते ते मले अजून कोणी दाखवलं नाई. जमिनीत टाकली का ती जमिनीची झाली, ड्रमातली माही आहे, उद्या ट्रक आला तरी उचलता येते. वंदी हासते मले. म्हणते माय, तू आंगणात बसून असते आन तुहा जीव रोलरच्या मागं चालते. तिचं खरं आहे. काय करू.

दिवस बुडला वाटते. तुमाले जायले उशीर झाला, पण थांबा, वंदी येऊनच राह्यली, तिचं एक पाहून जा. मोठी झाली, सहावीत आहे, पण दिवस बुडल्यावर बाहेर निघाली का मी तिच्या हाती कंदील देते, ती चिडते, तरी देते. आन ती माह्याशी रोज हाच खेळ खेळते. आली पाहा. उभी राह्यली पाहा कशी, हात पुढं करून. काय म्हणते, माय, किती.

थांब, पाहू दे. एकई नाई वो. मूठ आहे ती.

हासून राह्यली पाहा. तुमचंही भलं होवो बाई, तुमच्या लेकरायचे डोळे असेच राहो. जा वंदे, कोपऱ्यातल्या ड्रमाची चवळाई खुडून आण, बाईंच्या घरीही द्यायची आहे, भरपूर आण. हा घे कंदील. नाई, राहू दे. कंदील राहू दे आज.